‘हॅव’ पुन्हा पुन्हा का घसरतं, आणि ते जागेवर कसं बसवायचं

तक्रार नेहमी सारखीच असते. नियम माहीत आहे, वहीत लिहिलेला आहे, गाळलेल्या जागाही बरोबर भरल्या जातात. पण समोर माणूस आला आणि तोंड उघडलं की ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ बाहेर पडतं. नाहीतर ‘माय फादर हॅव फाइव्ह एकर्स’. नाहीतर ‘डज शी हॅज अ लायसन्स?’ दुरुस्त करून दिलं की चार दिवस बरं चालतं आणि मग पुन्हा तेच.

मी नाशिकला कॉलेज रोडवर संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत मुलाखतीला जाणारी मुलं येतात, दिंडोरी-निफाडकडच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षांच्या परदेशी खरेदीदारांशी बोलावं लागणाऱ्या मुली येतात, मुलांच्या शाळेतल्या मीटिंगमध्ये गप्प बसायचं नाही असं ठरवून आलेल्या आयाही येतात. कोणी इंजिनिअर, कोणी बारावी. पण या एका क्रियापदाला सगळे त्याच ठिकाणी अडखळतात. इतकी वेगवेगळी माणसं एकाच खड्ड्यात पडत असतील तर दोष चालण्याचा नाही, रस्त्याचा आहे. तो रस्ता म्हणजे आपली मराठी.

बिघाड कुठे आहे

मराठीत ‘हॅव’ला क्रियापदच नाही. आपण सगळं ‘असणे’वर भागवतो आणि नातं विभक्तीवर सोपवतो. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे स्कूटर आहे. माझ्याजवळ सुटे पैसे आहेत. माझं मेन रोडला दुकान आहे. तिच्या अंगात धमक आहे. गाडीला चार चाकं आहेत. घरात तीन खोल्या आहेत. भाऊ, स्कूटर, सुटे पैसे, दुकान, धमक यांच्याशी माझं नातं एकसारखं नाही आणि मराठी ते प्रत्येक वेळी वेगळं दाखवते. ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, कोणाचे तरी भाऊ आमच्याकडे राहायला आलेत. इंग्रजी हे सगळे भेद पुसून एकच शब्द लावते. त्यामुळे खरं तर ‘हॅव’ आपल्याला सोपं जायला हवं होतं.

ते जात नाही, कारण वाक्याचा मालक बदलतो. ‘मला दोन भाऊ आहेत’ या वाक्यात क्रियापद कोणाचं ऐकतं? भावांचं. भाऊ दोन म्हणून ‘आहेत’, एक असता तर ‘आहे’. मी एकटी असो की आम्ही चौघी, क्रियापदाला त्याचं काही नाही. इंग्रजीत नेमकं उलटं: ज्याच्याकडे वस्तू आहे तो कर्ता, आणि क्रियापद त्याच्या तालावर चालतं. वस्तू एक असो की शंभर, तिला कोणी विचारत नाही.

आता ‘माय फादर हॅव फाइव्ह एकर्स’ पुन्हा ऐका. बोलणारा एकवचन-अनेकवचन विसरलेला नाही. त्याने ते अगदी इमानदारीने पाळलंय, फक्त एकरांशी. तोच मुलगा ‘माय फादर हॅज अ ट्रॅक्टर’ पुष्कळदा बरोबर म्हणतो, कारण ट्रॅक्टर एकच आहे. तुमची स्वतःची चूक तपासायची असेल तर हीच परीक्षा घ्या: वस्तू अनेक असताना घसरता की एक असतानाही? फक्त अनेक असताना घसरत असाल तर डोक्यात अजून मराठी वाक्य चालू आहे.

याच जागी दुसरी एक अडचण आहे आणि ती व्याकरणाच्या पुस्तकांत फारशी सापडत नाही. आपण वडिलांना एकवचनी बोलत नाही. ‘वडील आलेत’, ‘सर म्हणाले’, ‘आजोबा झोपलेत’. हा आदर इंग्रजीत शिरला की ‘सर हॅव कम’ होतं. मुलं ‘माय ब्रदर हॅज’ म्हणतात आणि दुसऱ्याच श्वासात ‘माय फादर हॅव’. धाकट्या भावाला ‘हॅज’ चालतं, वडिलांना कसं चालेल! इंग्रजीत क्रियापदाला आदर लावायची सोय नाही. वडील असोत, सर असोत, खुद्द राष्ट्रपती असोत, माणूस एक तर ‘हॅज’.

शब्द मुळात काय सांगतो

इथे थोडं मागे जाऊन येऊ. औषध तिथेच आहे.

‘हॅव’ हा इंग्रजीचा अगदी घरचा, जुन्यात जुना शब्द. जुन्या इंग्रजीत तो ‘हाब्बान’ होता, जर्मनमध्ये आजही ‘हाबेन’ आहे. त्याच्या मुळाशी ‘कप्’ असा धातू मानतात आणि त्याचा अर्थ आहे पकडणे, धरणे. लॅटिनमध्ये याच धातूपासून ‘कापेरे’ आलं आणि त्यातून इंग्रजीत ‘कॅप्चर’, ‘कॅप्टिव्ह’, ‘कपॅसिटी’ हे शब्द पोचले. म्हणजे ‘हॅव’ आणि ‘कॅप्चर’ हे चुलतभाऊ. तोंडवळा जुळत नाही, कारण इंग्रजी-जर्मन ज्या शाखेतल्या, त्या जर्मानिक शाखेत जुन्या ‘क’चा ‘ह’ झाला. लॅटिनचं ‘कोर्नू’ म्हणजे शिंग, ते इंग्रजीत ‘हॉर्न’. लॅटिनचं ‘केन्टुम’ म्हणजे शंभर, ते ‘हंड्रेड’. हा बदल नियमाने होतो हे याकोब ग्रिमने १८२२ मध्ये पद्धतशीर मांडलं. परीकथा गोळा करणाऱ्या दोघा ग्रिम भावांतला हा थोरला.

यात एक गंमत आहे. लॅटिनमध्ये ‘असणे, बाळगणे’ या अर्थाचा ‘हाबेरे’ असा शब्द आहे. अर्थ तोच, दिसायलाही तसाच. सहज कोणीही म्हणेल की ‘हॅव’ त्याच्यावरूनच आला. पण आला नाही! लॅटिनचा ‘क’ इंग्रजीत ‘ह’ होत असेल, तर लॅटिनच्या ‘ह’शी इंग्रजीचा ‘ह’ जुळायलाच नको. ‘हाबेरे’चं मूळ वेगळं आहे आणि इंग्रजीतला त्याचा नातलग ‘गिव्ह’ मानतात. घेणारा आणि देणारा असे अदलाबदल होऊन बसलेत. ‘हॅबिट’ मात्र ‘हाबेरे’च्या घरातला.

‘बिहेव’ हे ‘हॅव’चंच बाळ. ‘बी’ अधिक ‘हॅव’, म्हणजे स्वतःला कसं धरता, चारचौघांत स्वतःला कसं सांभाळता. ‘हेवी’ही त्याच कुळातला.

तेव्हा ‘हॅव’ म्हणजे ‘आहे’ नव्हे. ‘हॅव’ म्हणजे ‘धरून असणे’. धरायला हात लागतो, आणि हात माणसाचा असतो, वस्तूचा नाही. म्हणून माणूस कर्ता.

आपण यात एकटे नाही, हेही सांगून टाकते. संस्कृतमध्येही ‘मम द्वौ भ्रातरौ स्तः’ असंच म्हणावं लागतं. रशियन माणूस ‘माझ्यापाशी आहे’ म्हणतो. लॅटिनमध्ये तर ‘हाबेरे’ असूनही ‘मिही एस्त’, म्हणजे शब्दशः ‘मला आहे’, ही वळणाची वाक्यं होती.

दुरुस्ती

बोलण्याआधी मराठी वाक्य मराठीतच उलटवा. ‘मला’चं ‘मी’ करा, ‘वडिलांकडे’चं ‘वडील’ करा, ‘गाडीला’चं ‘गाडी’ करा, आणि शेवटच्या ‘आहे’ऐवजी ‘धरून आहे’ ठेवा. ‘वडील पाच एकर धरून आहेत.’ ‘मी दोन भाऊ धरून आहे.’ ‘गाडी चार चाकं धरून आहे.’ कानाला विचित्र लागतं, लागू दे. वर्गात यावर हसू येतं, आणि हसलेलं वाक्य लक्षात राहतं. आता कर्ता पुढे आलाय, तो एक आहे की अनेक एवढंच बघा आणि इंग्रजीत शिरा: ‘माय फादर हॅज फाइव्ह एकर्स.’ थोड्या सरावाने मधली पायरी आपोआप गळून पडते.

उलटवताना एक सावधगिरी हवी. मराठीतलं प्रत्येक ‘मला … आहे’ हे ‘हॅव’ नसतं. ‘मला माहीत आहे’ला ‘आय नो’. ‘मला भूक लागली आहे’ला ‘आय ॲम हंग्री’. राग, थंडी, तहान, भीती यांना इंग्रजी बहुधा विशेषण लावते, म्हणून तिथे ‘ॲम’. आजार मात्र धरून असतात: ‘आय हॅव अ फीवर’, ‘शी हॅज डायबिटीस’. ‘धरून आहे’ ठेवून बघितलं की बहुतेक वेळा कळतं. ताप धरून आहे, हे कानाला चालतं. माहीत धरून आहे, हे चालत नाही.

‘आय ॲम हॅविंग’

नाशिकमध्ये, किंबहुना अख्ख्या भारतात, ‘आय ॲम हॅविंग अ कार’ म्हटलं तर सगळ्यांना कळतं. हा काही गुन्हा नाही. भारतीय इंग्रजीची ती ओळखच झाली आहे. पण परदेशी खरेदीदार किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा परीक्षक समोर असेल तर ते टाळलेलं बरं.

ते येतं कुठून? वाक्याच्या शेवटचं ‘आहे’ कानात घुमत असतं, त्याला ‘ॲम’ चिकटवल्याशिवाय मन मानत नाही. ‘ॲम’ आला की मागून ‘इंग’ ओढत येतो. उपाय वरचाच: धरून असणं ही स्थिती आहे, चालू काम नाही. गाडी तुम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत ‘धरत’ नसता.

मात्र ‘इंग’ पूर्ण बंद करू नका. ‘हॅव’चा अर्थ जिथे खाणं, पिणं, अनुभवणं असा होतो तिथे ते काम आहे, म्हणून ‘वी आर हॅविंग लंच’ आणि ‘वी आर हॅविंग अ गुड टाइम’ दोन्ही बरोबर. यातूनच घोटाळे होतात. ‘माय सिस्टर इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे बहिणीला दिवस गेलेत. बाळ झालंय आणि घरात रांगतंय, तर ‘हॅज अ बेबी’. पॅकहाउसमधल्या एका मुलीने फोनवर अभिमानाने ‘वी आर हॅविंग टू काऊज’ सांगितलं होतं. पलीकडचा माणूस सभ्य असावा, त्याने जेवणाबद्दल काही विचारलं नाही.

‘डज शी हॅज’, ‘डिडन्ट हॅड’

हे पटकन उरकू. ‘हॅज’मधला ‘ज’ आणि ‘हॅड’मधला ‘ड’ ‘डू’ने स्वतःच्या अंगावर घेतलेला असतो. एकदा ‘डज’ झालं की ‘हॅज’ची गरज संपली. ‘डज शी हॅव?’, ‘आय डिडन्ट हॅव.’ इथे समजण्यासारखं फारसं काही नाही, जिभेला वळण लावायचं आहे. आरशासमोर म्हणा, बसमध्ये मनात म्हणा.

‘मला जायचंय’चा सापळा

‘हॅव’च्या मागे ‘टू’ आला की सक्ती येते. तेही धरण्यातूनच आलंय: ‘माझ्या हाती एक पत्र आहे, लिहायचं’, यातून सरकत सरकत ‘मला पत्र लिहावं लागणार’. पण मराठीतलं ‘जायचंय’ दुटप्पी आहे. ‘मला गोव्याला जायचंय’ म्हणजे हौस, ‘मला तहसील कचेरीत जायचंय’ म्हणजे गळ्यात पडलेलं काम. इंग्रजीत पहिल्याला ‘वॉन्ट टू’, दुसऱ्याला ‘हॅव टू’. मुलाखतीत ‘सर, आय हॅव टू जॉइन युअर कंपनी’ म्हणणाऱ्या उमेदवाराला वाटतं आपण उत्साह दाखवला. समोरच्याला ऐकू येतं की बिचाऱ्यावर वेळ आलीय म्हणून आलाय. कसोटी सोपी आहे: वाक्यात ‘जावं लागतंय’ बसत असेल तरच ‘हॅव टू’. उच्चार करताना ‘हॅफ्टू’, ‘हॅस्टू’ असा जोडून करा, तसाच ऐकू येतो.

‘आय हॅड गॉन यस्टर्डे’

माझ्या मते हा सगळ्यांत चिवट बिघाड आहे, कारण चांगलं इंग्रजी बोलणारेही यात सापडतात. ‘काल मी त्र्यंबकला गेलो होतो’ याचं ‘आय हॅड गॉन टू त्र्यंबक यस्टर्डे’ होतं. मराठीत ‘होतो’ अगदी योग्य आहे. जाऊन परत आलोय, गोष्ट संपलीय, एवढं ते सुचवतं. इंग्रजीत ‘हॅड गॉन’ म्हटलं की ऐकणारा पुढची गोष्ट ऐकायला थांबतो: गेला होतास, आणि मग काय झालं? कारण हा ‘हॅड’ एकटा येत नाही. भूतकाळातली दुसरी घटना सोबत असते आणि ‘हॅड’वाली तिच्याही आधीची. ‘मी सीबीएस स्टँडला पोचले तेव्हा बस सुटली होती’, इथे ‘द बस हॅड लेफ्ट’ बरोबर, कारण पोचणं नंतरचं. दुसरी घटना नसेल तर साधं ‘आय वेन्ट’. परत आलात की नाही याची ‘वेन्ट’ला पर्वा नाही.

आणि ‘यस्टर्डे’ असेल तर ‘आय हॅव गॉन’ही नाही. ‘हॅव’ आजशी बांधलेला असतो. याचं कारण जुन्या वाक्यात दिसतं. आधी ‘आय हॅव द लेटर रिटन’ असं होतं, म्हणजे लिहून झालेलं पत्र मी आत्ता हाती धरून आहे. जुन्या इंग्रजीत ते ‘रिटन’ पत्राप्रमाणे बदलूही शकायचं, जसं आपण ‘चिठ्ठी लिहिली आहे’ पण ‘पत्र लिहिलं आहे’ म्हणतो. नंतर शब्द जागा बदलून ‘आय हॅव रिटन द लेटर’ झाले आणि धरण्याचा अर्थ विरला. पण ‘आत्ता’ उरला. ‘काल’ आणि ‘आत्ता’ एका वाक्यात नांदत नाहीत.

येणं-जाणं या क्रियापदांना इंग्रजीत पूर्वी ‘बी’ लागायचं, ‘ही इज कम’, म्हणजे सरळ आपलं ‘तो आला आहे’. आता तिथेही ‘हॅज कम’ म्हणतात. ‘ही इज गॉन’ मात्र टिकून आहे.

एका ठिकाणी मराठी उलट मदतीला येते. ‘हॅज गॉन टू मुंबई’ आणि ‘हॅज बीन टू मुंबई’ यांतला फरक इतर भाषकांना उदाहरणं देऊन समजवावा लागतो. आपल्याकडे तो तयार आहे. साहेब मुंबईला गेलेत, म्हणजे ‘गॉन’. साहेब मुंबईला जाऊन आलेत, म्हणजे ‘बीन’.

केस कोणी कापले?

‘आय कट माय हेअर ऑन संडे.’ स्वतः? कात्रीने? ‘आय रिपेअर्ड माय बाइक’ म्हणणारा मुलगा आणि पाना यांची गाठ कधी पडलेली नसते. मराठीत आपण ‘केस कापले’ म्हणून मोकळे होतो, कापणारा दुसरा आहे हे गृहीत असतं. इंग्रजी ते गृहीत धरत नाही. दुसऱ्याकडून करून घेतलं तर ‘आय हॅड माय हेअर कट’, ‘आय हॅड माय बाइक रिपेअर्ड’. वस्तू मध्ये, क्रिया शेवटी. मराठीत ‘करून घेतलं’ म्हणता येत असेल तिथे हाच साचा वापरा.

किरकोळ

‘हॅड हॅड’ ही छपाईची चूक नसते. ‘ही हॅड हॅड फीवर फॉर अ वीक व्हेन वी कॉल्ड द डॉक्टर’ यात पहिला ‘हॅड’ काळ सांगतो, दुसरा ताप धरतो. बोलताना पहिला आखडून ‘हीड हॅड’ करतात.

‘शुड हॅव’ ऐकताना ‘शुडव्ह’ होतं आणि खुद्द इंग्रजांची मुलं ते ‘शुड ऑफ’ असं लिहितात. ते लिहितात म्हणून तुम्ही लिहू नका.

‘आय हॅव गॉट अ कार’ आणि ‘आय हॅव अ कार’ दोन्हींचा अर्थ एकच. ‘गॉट’चं वळण ब्रिटिश बोलण्यात जास्त. एक निवडा आणि प्रश्न विचारताना त्याच घरात राहा: ‘हॅव यू गॉट?’ किंवा ‘डू यू हॅव?’, मिसळ नको.

आता ही वाक्यं उलटवून बघा: आमच्या वाड्याला दोन दरवाजे आहेत. सरांना तीन मुली आहेत. मला तहान लागली आहे. मला उद्या सिन्नरला जावं लागणार आहे. आम्ही घराला रंग लावून घेतला. मी परवा वणीला गेले होते.

उत्तरं याच क्रमाने: ‘अवर वाडा हॅज टू डोअर्स.’ ‘सर हॅज थ्री डॉटर्स.’ ‘आय ॲम थर्स्टी.’ ‘आय हॅव टू गो टू सिन्नर टुमॉरो.’ ‘वी हॅड द हाउस पेंटेड.’ ‘आय वेन्ट टू वणी द डे बिफोर यस्टर्डे.’ दुसऱ्यात ‘सर हॅव’ आलं असेल तर आदराचा परिच्छेद पुन्हा वाचा. शेवटच्यात ‘हॅड गॉन’ आलं असेल तर आधी विचारा, परवा वणीला आणखी काय झालं होतं?